उद्घाटनाच्या फोटोनंतर काय झालं? मिशन, मैदान आणि एक संशोधन-प्रश्न



पेटची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी असतो: टॉपिक मिळालाय, पण त्याचा 'रिसर्च क्वेश्चन' कसा करायचा? आज हे एका उदाहरणातून बघू. उदाहरण इतिहासातलं आहे. सायन्सवाल्यांनी लगेच टॅब बंद करू नका, मधे काँक्रीटचं गणितही येणार आहे.

अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी लाखो लोक आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशात सेवेला जातात. याला 'शॉर्ट-टर्म मिशन' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास हा आकडा वर्षाला साधारण १६ लाख होता. यातल्या काही तुकड्या गरीब देशांत जाऊन मुलांसाठी खेळायची जागा बांधतात. कुठे बास्केटबॉलचं कोर्ट, कुठे घसरगुंडी आणि झोके. 'किड्स अराउंड द वर्ल्ड' नावाची अमेरिकन संस्था तर तिकडच्या शाळांनी आणि बागांनी काढून टाकलेली खेळणी दुरुस्त करून दुसऱ्या देशांत नेते आणि स्वयंसेवकांच्या हातून बसवते.

पिंपळगाव बसवंतमध्ये बसून हे वाचताना वाटेल, आपला काय संबंध? संबंध तीन आहेत. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर जो व्हॉलीबॉल चालतो, तो याच वाटेने भारतात आला. तुमच्यातले काही जण ज्या टिस संस्थेत प्रवेशासाठी धडपडतात, तिची सुरुवात मुंबईतल्या एका मिशनच्या घरात झाली. आणि तिसरा संबंध असा की आठ दिवसांत काहीतरी बांधून परत येण्याचं काम आपण स्वतःही करतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

खेळ आधी आला, कोर्ट नंतर

वायएमसीए ही संस्था लंडनमध्ये १८४४ साली सुरू झाली. शहरात कामासाठी आलेल्या तरुणांना प्रार्थना, वाचन आणि चांगली सोबत मिळावी, हा हेतू. पुढे अमेरिकेत तिला व्यायामाची जोड मिळाली. मन, शरीर आणि आत्मा तिन्ही घडले पाहिजेत, अशी त्यामागची कल्पना. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ तयार केला. पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला, दहा फुटांवर ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. रिंगची ती दहा फूट उंची आजही तशीच आहे. नाइस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते, हेही लक्षात ठेवा. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होलिओक गावात वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला.

म्हणजे हे दोन्ही खेळ धार्मिक संस्थेच्या पोटात जन्मले. त्या संस्थेच्या शाखा जगभर होत्या, त्यामुळे खेळ झपाट्याने पसरले. मुंबईची वायएमसीए १८७५ पासूनची. १९०८ मध्ये डॉ. जे. एच. ग्रे शारीरिक शिक्षणाचं काम बघायला कलकत्त्याला आले. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तीच आजची चेन्नईची वायएमसीए शारीरिक शिक्षण संस्था. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघ गेला तेव्हा बक त्याच्यासोबत होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली, तेव्हा अध्यक्ष दोराबजी टाटा होते आणि सचिव वायएमसीएचेच डॉ. ए. जी. नोरेन.

इथे जरा थांबा आणि विचार करा. बक यांनी मद्रासमध्ये नुसतं मैदान आखलं असतं, तर आज आपण त्यांचं नाव घेतलं असतं का? त्यांनी शिक्षक तयार केले. ते शिक्षक देशभरच्या शाळांत पीटी शिकवायला गेले. मैदान एका गावात राहतं, शिकलेला माणूस दहा गावं फिरतो. व्हॉलीबॉल खेड्यापाड्यांत पोचला याचं एक कारण हे, आणि दुसरं कारण अगदी साधं: दोन खांब, एक जाळी आणि चुन्याची फक्की एवढ्यावर तो खेळता येतो. जाळी नसली तर दोरी चालते. जो खेळ फारसं बांधकाम मागत नाही तो लवकर रुजतो, असा एक हायपोथिसिस तुम्ही इथूनच मांडू शकता.

नागपाड्याचं घर

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. १८४२ मध्ये तिथेच त्यांनी 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. याच मिशनने १९२५ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसाला मुंबईत आणलं. नागपाडा ही भायखळा आणि कामाठीपुऱ्याच्या शेजारची दाट वस्ती. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती सगळे तिथे. त्या दशकाच्या उत्तरार्धात मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं.

कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉल आणि शिकागोच्या हल हाउसची होती. वस्तीत राहायचं, तिथल्या लोकांना काय हवं ते बघायचं, आणि वाचन, आरोग्य, वर्ग, खेळ हे सगळं एका छताखाली चालवायचं. हल हाउसने तर १८९० च्या दशकातच शिकागोत मुलांसाठी खेळायची जागा करून दिली होती. मॅनशार्ट यांचा भर धर्मांतरापेक्षा वस्तीतल्या कामावर होता.

पुढचा भाग तुम्हाला माहीत असेल. दोराबजी टाटा ट्रस्टने मॅनशार्ट यांचा सल्ला घेतला आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. सुरुवातीची जागा नागपाडा नेबरहुड हाउसचीच, पहिले संचालक मॅनशार्टच. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. मॅनशार्ट १९४१ मध्ये ते काम सोडून गेले आणि जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. मॅनशार्ट यांचा मुंबईतला हा काळ सोळा वर्षांचा. सोळा दिवसांचा नाही.

आणि नागपाड्याची आजची ओळख? मुंबईच्या बास्केटबॉलवाल्यांना विचारा. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसीर नागपाड्याचे. एकच छोटी वस्ती, पण बास्केटबॉल तिथे गल्लीचा खेळ आहे.

इथे संशोधक म्हणून तुमची परीक्षा आहे. एका बाजूला १९२० च्या दशकातलं मिशनचं घर, दुसऱ्या बाजूला १९७० चा अर्जुन पुरस्कार. मधे एक बाण काढायचा मोह होतो: 'मिशनऱ्यांमुळे नागपाड्यात बास्केटबॉल.' तारखांचा क्रम जुळतो, म्हणून कारण सिद्ध होत नाही. सायन्सच्या मुलांना हे सांगायला नको, कोरिलेशन आणि कॉझेशन आपण पहिल्याच वर्षी शिकतो. मधल्या चाळीस वर्षांत वस्तीतले प्रशिक्षक होते, महापालिकेची मैदानं होती, संध्याकाळी पोरांना गोळा करणारी माणसं होती, स्पर्धा भरवणारे क्लब होते. प्रश्न 'कोणी आणलं?' असा विचारलात तर उत्तर एका नावावर संपतं. 'कोणी चालू ठेवलं?' असा विचारलात तर पूर्ण प्रबंध होतो.

मैदान कोणाचं, नियम कोणाचे

मिशनच्या खेळांना महाराष्ट्राने नुसतं स्वीकारलं असंही नाही. ज्या काळात वायएमसीए इकडे पसरत होती, त्याच काळात आपल्याकडे दुसरं काम चाललं होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम लिहून काढले जात होते. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं.

वरवर बघितलं तर एका बाजूला विलायती कोर्ट आणि दुसऱ्या बाजूला देशी आखाडा असं चित्र दिसतं. पण नीट बघा. छापील नियम, ठरलेल्या मापाचं मैदान, पंच, शिट्टी, स्पर्धा हा साचा दोन्हीकडे सारखाच आहे. खो-खो आधीही खेळला जात होताच, पण मैदानाची मापं कागदावर आली ती या काळात. बाहेरून आलेली वस्तू जशीच्या तशी घेतली, किंवा पूर्ण नाकारली, असं इतिहासात क्वचित होतं. लोक साचा घेतात आणि माल आपला भरतात.

ख्रिस्ती समाजाच्या आतही हाच प्रश्न होता. कवी नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं आणि १९१७ मध्ये त्या नोकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ती धर्म मराठी मातीत मराठी रूपात रुजावा, परदेशी पैशाच्या आणि पगाराच्या दोरीने बांधलेला नसावा, हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, के. टी. पॉल हे वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. म्हणजे 'हे घर नक्की कोणाचं?' हे विचारणारे लोक घरातलेही होते. मिशनवर काही लिहायला घ्याल तेव्हा 'मिशनरी विरुद्ध स्थानिक' अशी दोनच पात्रं रंगवू नका.

दहा दिवसांचा दौरा, अठ्ठावीस दिवसांचं काँक्रीट

आता पुन्हा आजच्या छोट्या दौऱ्यांकडे. मॅनशार्ट सोळा वर्षं राहिले, ही मंडळी दहा दिवस राहतात. यामुळे काय बदलतं?

आधी गणित. पूर्ण मापाचं बास्केटबॉल कोर्ट २८ मीटर बाय १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकला तर ४२ घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या नेहमीच्या मिश्रणाला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या सिमेंट धरलं, तर सव्वातीनशेच्या वर गोण्या झाल्या. मुलांचं कोर्ट निम्म्या मापाचं केलं तरी दीडशेच्या वर. जमीन सपाट करणं, मुरूम दाबणं, खडी-वाळू आणून टाकणं हे पाहुणे येण्याआधीच कोणीतरी केलेलं असावं लागतं.

काँक्रीटची ताकद मोजायचा प्रमाण दिवस अठ्ठाविसावा. आपल्या आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस पाणी मारावं लागतं, कोरड्या कडक उन्हात दहा. म्हणजे दहा दिवसांच्या दौऱ्यात पाचव्या दिवशी स्लॅब पडला, तर फोटो सहाव्या-सातव्या दिवशी निघतो आणि दौरा संपल्यावरही पाणी मारायचं बाकी असतं. पाहुणे विमानात असताना सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा राहणारा माणूस गावातला असतो. अहवालात त्या माणसाचं नाव शोधा. सापडलं, तर तो अहवाल जपून ठेवा.

आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायला नको. द्राक्षबाग लावणं हे एका हंगामाचं काम. अँगल रोवले, तारा ओढल्या, रोपं लावली, फोटो काढला. पण बाग टिकते ती दरवर्षीच्या एप्रिल छाटणीवर आणि ऑक्टोबर छाटणीवर. बागेचा खरा हिशोब लागवडीच्या वर्षाच्या वहीत नसतो, नंतरच्या दहा वर्षांच्या वह्यांत असतो.

यावर एक अभ्यास प्रत्येक संशोधकाने समजून घ्यावा असा आहे. १९९८ मध्ये 'मिच' चक्रीवादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त झाला. नंतर घरं बांधली गेली, काही अमेरिका-कॅनडाहून आलेल्या तुकड्यांनी, काही स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने दोन्हींची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक संस्थेला एका घराला सुमारे २,००० डॉलर लागत होते. बाहेरून आलेल्या तुकडीचा प्रवासासकट खर्च सुमारे ३०,००० डॉलर होता. आणि राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यावर झालेल्या परिणामात या दोन घरांमध्ये फरक दिसला नाही.

या अभ्यासाची दुसरी बाजू मेथडॉलॉजीसाठी जास्त मोलाची. 'पाहुण्यांनाही तर काही मिळतं, ते बदलून परत जातात, पुढे जास्त दान देतात,' असा दावा नेहमी केला जातो. व्हेर बीक यांनी सहभागी लोकांना विचारलं, तर बऱ्याच जणांनी होय, आमचं दान वाढलं असं सांगितलं. मग त्यांनी संस्थेच्या वह्या तपासल्या. तिथे वाढ अगदी थोडी होती. लोक खोटं बोलत होते का? तसं म्हणायची गरज नाही. दौऱ्याने भारावलेला माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते त्याला खरंच वाटत असतं. म्हणून प्रश्नावलीच्या शेजारी वही ठेवायची. सेल्फ-रिपोर्ट आणि रेकॉर्ड यांतला फरक पुस्तकात चार ओळींत येतो, या उदाहरणाने तो कायमचा लक्षात राहतो.

मग सात दिवसांच्या शिबिराचं काय?

तिसरा संबंध सांगायचा राहिला होता. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तुमच्यातले बरेच जण एनएसएसच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराला गेलेले असतील. गावात गेलो, वनराई बंधारा घातला, शाळेचं मैदान साफ केलं, रात्री प्रबोधनाचे कार्यक्रम केले, शेवटच्या दिवशी गावकऱ्यांनी पुरणपोळी खाऊ घातली, डोळे भरून आले.

आता प्रामाणिकपणे विचारा. त्या बंधाऱ्याचं पुढच्या पावसाळ्यात काय झालं? अहवालात बंधाऱ्याची लांबी-रुंदी असते, स्वयंसेवकांची संख्या असते. दोन वर्षांनंतरचं पान नसतं, कारण ते लिहायची जबाबदारीच कोणावर नसते. आमदार निधीतून झालेली ओपन जिम घ्या, कंपन्यांच्या सीएसआरमधून झालेली क्रीडांगणं घ्या. कंपनी कायदा २०१३ ने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितलं. खर्च झाल्याची नोंद ठेवावी लागते. झोक्याची साखळी तुटल्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून अमेरिकन चर्चच्या तुकड्यांना हसण्यासाठी हा विषय घेऊ नका. 'ते धर्मप्रचारासाठी येतात' हे त्यातलं एक सत्य आहे आणि ते लिहायलाच हवं. खेळायला आलेल्या लहान मुलाला त्यासोबत प्रार्थना ऐकावी लागते का, आई-वडिलांना ते आधी सांगितलं जातं का, हे प्रश्न टाळून चालणार नाही. पण तेवढ्यावर थांबलात, तर दुसरी अडचण हातातून निसटते. कमी दिवसांची सेवा करणाऱ्याचा धर्म कोणताही असो, त्याच्या कागदपत्रांत सुरुवात ठळक असते आणि पुढचं सगळं पुसट. ज्यांनी बांधलं त्यांचा इतिहास लिहिलेला असतो, ज्यांनी जपलं त्यांचा नसतो.

तुमच्या तालुक्यात हा अभ्यास कसा कराल?

निफाड तालुक्यातलं एखादं शाळेचं किंवा गावचं मैदान निवडा. कोणी बांधलं यावर अडू नका: मिशन, सरकार, कंपनी, देणगीदार, काहीही चालेल. मग हे पाच प्रश्न घ्या.

१. जमीन कोणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा ग्रामपंचायतीचं रेकॉर्ड बघा. आधी तिथे काय होतं, गुरं बसायची का, खळं होतं का, तेही विचारा.

२. फाटकाची किल्ली कोणाकडे असते? मैदान कोणाच्या ताब्यात आहे हे पाटीपेक्षा किल्ली जास्त खरं सांगते.

३. शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि पैसे कोणी दिले? बिल मागा. बिल नसेल तर कोणत्या दुकानातून सामान आणलं ते विचारा.

४. संध्याकाळी पाच ते सात कोण खेळतं? मुली असतात का? आठवडाभर त्याच वेळेला जाऊन मोजा, एका दिवसाच्या भेटीवर लिहू नका.

५. ते मैदान नसतं, तर त्या पैशातून गावाने काय केलं असतं? हा प्रश्न सरपंचाला विचारा आणि खेळणाऱ्या पोरांनाही विचारा. उत्तरं वेगळी येतील. तो फरक हाच तुमचा डेटा.

मुलांशी बोलायचं असेल तर आधी पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी घ्या. विद्यापीठाची एथिक्स कमिटी याबाबत अजिबात सूट देत नाही, आणि देऊही नये.

जुन्या काळात जायचं असेल तर 'ज्ञानोदय'चे अंक आणि मिशनचे वार्षिक अहवाल बघा. नाशिकसाठी १८८३ चं जिल्हा गॅझेटिअर आहे, त्यात शरणपूरच्या मिशन वसाहतीची माहिती सापडेल. हे सगळं वाचताना एक खूणगाठ बांधा: मिशनचा अहवाल हा देणगी देणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तो कोणाला उद्देशून आहे हे विसरलात तर त्याची भाषा तुमची भाषा होऊन जाते. सीएसआरच्या चकचकीत पुस्तिकेला आणि एनएसएसच्या अहवालालाही हाच नियम लावा.

प्रश्न लिहिताना एवढं करा. वाक्यात 'बांधलं', 'आणलं', 'सुरू केलं' अशी क्रियापदं असतील तर ती एकदा खोडा आणि तिथे 'टिकवलं', 'बदललं', 'सोडून दिलं' ही लिहून बघा. 'मिशनने महाराष्ट्रात खेळ कसे आणले' या वाक्याचं 'मिशनने आणलेले खेळ महाराष्ट्रात कोणी टिकवले, कोणी बदलले आणि कोणी सोडून दिले' असं झालं की तुमचं सिनॉप्सिसचं पहिलं पान तयार आहे.

तुमचा टॉपिक कमेंटमध्ये टाका, क्रियापद बदलून. पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली कशी तयार करायची आणि पायलट टेस्ट कशी घ्यायची, ते बघू.